एक पाठवली, एक ठेवला

सुवार्ता उजागरे जयपूरला आली तेव्हा तिच्या कडेवर एक वर्षाची हन्ना होती आणि डोक्यात एकच हिशेब होता, तीन वर्षं काढायची नि परत जायचं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कुणी गोरा साहेब येतो. सुवार्ताचा नवरा शांतवन काळासावळा, किडकिडीत, शेवगावकडचा. बाप झेडपीच्या शाळेत शिपाई. नगरच्या एका ख्रिस्ती मंडळानं त्याला विचारलं, राजस्थानात सेवेला जाशील का? त्यानं दोन दिवस उपास केला, प्रार्थना केली आणि हे देवाचंच पाचारण आहे म्हणून होकार कळवला. सुवार्ताला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हे तिलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. सेवकाची बायको, तो जिथं जाईल तिथं चूल मांडायची, एवढंच माहेरी शिकवलेलं.

शास्त्री नगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. शांतवन सकाळी मोटारसायकल काढून कानोत्याच्या पलीकडच्या खेड्यांकडे जायचा. कुणी आजारी असेल तिथं बसायचा, संध्याकाळी मजुरांच्या पोरांना अक्षरओळख करून द्यायचा. रविवारी पुढच्या खोलीत बारा-पंधरा माणसं जमायची. खिडक्या लावून, आवाज दाबून गाणी म्हणायची. सुवार्ता सगळ्यांचा चहा करायची, नंतर सतरंजी झाडायची. महिन्याच्या अखेरीला शांतवन मंडळाला अहवाल पाठवायचा: किती घरी भेटी, किती ठिकाणी प्रार्थना, किती मुलं शिकायला. त्या कागदावर बायकापोरांसाठी रकाना नव्हता.

मे महिन्यात लूचा गरम वारा सुटला की भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. दुसऱ्या बाळंतपणाला आई येऊ शकली नाही. योएल झाला तेव्हा तिच्याजवळ होती ती खालच्या मजल्यावरची मधुमतीकाकू. काकूचे यजमान विमा कंपनीत अधिकारी, मूळचे साताऱ्याचे, बदलीवर आलेले. त्याआधी एकदा सुवार्ता जिन्यात हन्नावर ओरडली, "अगं सांडशील, भवाने!" आणि खालचं दार उघडलं. "मराठी का गं तुम्ही?" म्हणत काकू बाहेर आली. आपण ख्रिस्ती आहोत हे सुवार्तानं आधीच सांगून टाकलं, मागाहून कळून तोंड फिरवायला नको. काकू म्हणाली, "असाल. भाकरी थापता येते का तेवढं सांग. इथली बाजरी चांगली आहे, पण माझे हात गेले कामातून." तेव्हापासून दुपारी दोघी भाकऱ्या बरोबर करायच्या, सुवार्ता थापायची नि काकू भाजायची.

हन्ना शाळेत हिंदी बोलायची, घरी अर्धं-अर्धं. "मम्मी, मला भूख लागलीय, तू जल्दी दे ना." सुवार्ता हसायची, दुरुस्त करायची नाही. पण एक गोष्ट तिनं लेकीला घोकून घोकून शिकवली होती. कुणी विचारलं, पापा काय करतात, तर सांगायचं, "पापा ट्यूशन पढ़ाते हैं." तसं ते अगदीच खोटं नव्हतं. गल्लीत चार प्रकारची माणसं, कुठल्या शब्दावरून काय पेटेल सांगता येत नव्हतं.

हन्ना आठ वर्षांची असताना मार्चमधल्या एका दुपारी तीन माणसं वर आली. शांतवन खेड्यांकडे गेलेला. माणसं याच मोहल्ल्यातली, एक तर हन्नाच्या मैत्रिणीचा काका. चपला काढून रीतसर बसली, पाणी मागून प्यायली. सुवार्ताशी ती फारसं बोललीच नाहीत. काकानं हन्नाला जवळ बोलावलं.

"बेटा, पापा क्या करते हैं?"

"ट्यूशन पढ़ाते हैं."

"संडे को जो लोग आते हैं, वो भी ट्यूशन पढ़ते हैं?"

हन्नानं आईकडे पाहिलं. सुवार्ता योएलला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. तेव्हा पोरीनंच उत्तर दिलं, "हां, वो भी."

माणसं एकमेकांकडे बघून हसली. निघताना एक जण म्हणाला, "भाभीजी, मोहल्ला शांत है. शांत ही रहे तो अच्छा है." एवढंच. पुढे काहीच झालं नाही. कुणी परत आलं नाही, कुणी दगड मारला नाही. पण हन्ना त्या दिवशी जेवली नाही. ताटाशी बसून म्हणाली, "मम्मी, मी झूठ बोलले. प्रभू माझ्यावर रागावेल?"

"नाही गं राणी. तो लहान मुलांवर रागवत नाही."

"मग तुझ्यावर रागावेल? तू शिकवलंस ना."

त्यानंतर पोर शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतंय म्हणायची. झोपेत कपडे ओले करू लागली. शांतवननं मंडळाला कळवलं, तसं उत्तर आलं: नगरला आपलं वसतिगृह आहे, सेवकांची मुलं तिथंच वाढतात, जूनपासून मुलीला पाठवा.

सुवार्ता दोन दिवस बोलली नाही. शांतवन वाईट माणूस नव्हता. पोरीची गादी पहाटे उठून तोच धुवायचा. तो समजावत राहिला. "तिथं आपली माणसं आहेत. चर्च आहे, मैत्रिणी मिळतील. आणि सुवार्ता, तिथं तिला खरं बोलता येईल."

या शेवटच्या वाक्यानं सुवार्ताला न जेवता ताटाशी बसलेली हन्ना आठवली. मधुमतीकाकूला कळलं तेव्हा तिनं भाजत असलेली भाकरी तशीच तव्यावर टाकली. "आम्हीपण बदलीवाले गं. माझ्या कीर्तीनं पाच शाळा बदलल्या. रडली, एकदा नापास झाली, पण रोज माझ्यासमोर जेवली. आठ वर्षांचं लेकरू कुणी लांब ठेवतं का? नाही म्हण नवऱ्याला." सुवार्ताला पटत होतं. पण काकूच्या नवऱ्याला नोकरीत बदलीचा हुकूम यायचा, आणि तिच्या घरात हुकूम यायचा तो देवाच्या नावानं. त्याला नाही कसं म्हणायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

जूनमध्ये ती स्वतः पोरीला पोचवायला गेली. वसतिगृह स्वच्छ होतं, अंगणात लिंबाचं झाड, ओळीनं लोखंडी खाटा. तिथं सगळं बघणाऱ्या बाईंना मुली आक्काबाई म्हणायच्या. शिस्तीच्या, पण मायाळू वाटल्या. निघताना हन्नानं तिच्या ओढणीचं टोक धरलं. "उद्या येशील ना?" सुवार्ता म्हणाली, "हो." दुसऱ्या दिवशी त्या वेळेला तिची गाडी रतलाम सोडून पुढे निघाली होती, आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

दिवाळीच्या सुट्टीत शांतवन हन्नाला घेऊन आला. गालावर मांस चढलं होतं, वेण्या घट्ट घातलेल्या, पोटदुखी गेलेली. सुवार्तानं तिच्या आवडीची शेवेची भाजी केली होती. ताटं मांडता मांडता मागून आवाज आला, "मम्मी, तुम्ही जेवलात का?"

सुवार्तानं वळून पाहिलं. तिला वाटलं, मधुमतीकाकू वर आलीय आणि पोर तिच्याशी बोलतेय. दारात कुणी नव्हतं.

"मला म्हणालीस?"

"हो. आक्काबाई म्हणतात, मोठ्यांना अरेतुरे करायचं नाही."

"मी मोठी नाही गं, मी मम्मी आहे. मला तूच म्हण."

हन्नानं प्रामाणिकपणे प्रयत्न केला. "तू... जेवलात का?" म्हणाली, आणि आपलं काहीतरी चुकलं हे कळून कावरीबावरी झाली. सुवार्तानं तिला पोटाशी धरलं. पोर ताठ उभी राहिली, मिठी संपायची वाट बघत असल्यासारखी.

त्या सुट्टीत ती रोज आपलं ताट आपण विसळायची. अंथरूण घडी करून भिंतीशी ठेवायची. पाणी प्यायला उठायच्या आधी विचारायची, "मी जाऊ का?" योएल चार वर्षांचा, सगळी बडबड हिंदीत. बहिणीचं शुद्ध मराठी त्याला कळेना. एकदा तो तिच्यासमोरच आईला म्हणाला, "ये दीदी कब जाएगी?" हन्नाला हिंदी अजून येत होतं. ती म्हणाली, "सोमवार को."

निघायच्या आदल्या दिवशी सुवार्तानं नवऱ्याला सांगितलं, हिला परत नेऊ नका. शांतवन म्हणाला, "वर्ष मध्येच तोडायचं? तिलाच विचार." हन्ना म्हणाली, "माझी चाचणी आहे. आणि बुधवारी सकाळची प्रार्थना म्हणायची पाळी माझीच आहे." सोमवारी ती गेली.

पुढची वर्षं अशीच सरली. रविवारी दुपारी दहा मिनिटं फोन. मार्क किती, ताप आला होता का, काय जेवलीस. हन्ना विचारल्याला उत्तर द्यायची, आपण होऊन काही सांगायची नाही. मधुमतीकाकूच्या यजमानांची बदली झाली, सामानाचा ट्रक लागला. जाताना काकू सुवार्ताच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "दुसऱ्याला तरी जप." त्यानंतर खालच्या मजल्यावर जोधपूरकडचं एक जोडपं आलं. मराठी बोलायला घरात नवऱ्याखेरीज कुणी उरलं नाही, आणि तो संध्याकाळी थकून यायचा.

यंदा योएलला आठवं संपलं. फेब्रुवारीत मंडळाचं पत्र आलं. शांतवननं ते जेवणाच्या वेळी टेबलावर ठेवलं आणि भात कालवायला लागला.

"जूनसाठी विचारलंय त्यांनी," तो म्हणाला.

"नाही," सुवार्ता म्हणाली.

"काय नाही?"

"तो जाणार नाही."

अकरा वर्षांत तिनं नवऱ्याला असं तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. शांतवनचा हात ताटातच थांबला. "सगळ्या सेवकांची मुलं जातात. मंडळ काय म्हणेल?"

"अहवालात लिहा, बायको ऐकत नाही म्हणून."

"सुवार्ता, आपण देवाच्या कामाला आलोय. त्याग काही..."

"देवानंसुद्धा आपला एकच मुलगा दिला होता हो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी माझी एक दिलीय."

शांतवननं ताट बाजूला सारलं. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मंडळाला लिहिलं, मुलगा इथंच राहील. मंडळानं नाराजीनं का होईना, मान्य केलं. सुवार्तानं योएलला शेजारच्या शाळेतच पुढच्या वर्गात घातलं. तिनं त्याला ट्यूशनचं उत्तर शिकवलं नाही. कुणी काही विचारलं तर म्हण, मम्मीला विचारा, एवढंच सांगितलं.

पण हन्नाला सांगायचं राहिलं होतं. पुढच्या रविवारी फोनवर पोरीनंच विषय काढला. बारा वर्षांची झालेली, आवाज मोठा झालेला. आपण होऊन बोलायला लागली, तेव्हा सुवार्ताला आधी बरंच वाटलं.

"मम्मी, योएलला जूनमध्ये आणणार ना? मुलांच्या इमारतीत खिडकीजवळची खाट त्याच्यासाठी ठेवायला सांगितलीय मी. सुरुवातीला रडेल तो. मी रोज डबा खायला त्याच्याजवळ बसेन, आक्काबाईंनी परवानगी दिलीय."

सुवार्ताला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "हन्ना, तो नाही येणार. त्याला इथंच ठेवलंय."

पलीकडे मुलींचा गलका ऐकू येत होता.

"पप्पांनी ठरवलं?"

"नाही. मी."

"मग मला का पाठवलंत?"

सुवार्तानं सांगायला सुरुवात केली. ती माणसं आली होती ना, तू घाबरली होतीस, शाळेत जात नव्हतीस, तिथं तुला खरं बोलता येईल असं पप्पा म्हणाले... बोलता बोलता तिचं तिलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटायला लागलं आणि ती थांबली.

"तुम्हाला पाठवायचं होतं?" हन्नानं विचारलं.

"नव्हतं गं."

"मग तेव्हा म्हणायचं होतं ना."

"चुकलं माझं. तू परत ये. इथंच शाळा बघू. मी येते न्यायला, याच आठवड्यात येते."

"आता कशाला?" हन्ना म्हणाली. रागानं नाही, समजावल्यासारखं. "माझ्या मैत्रिणी इथं आहेत. तिथं माझं कोण आहे?" मग घंटा वाजली आणि तिनं फोन ठेवला.

मेच्या सुट्टीत हन्ना जयपूरला आली नाही. मैत्रिणीच्या गावाला जाते म्हणाली, आणि शांतवननं जाऊ दिलं. तेव्हा जूनमध्ये वसतिगृह उघडल्यावर सुवार्ताच नगरला गेली. भेटीच्या दिवशी वसतिगृहाच्या ओसरीवर बाकड्यावर बसली. हन्ना आतून चहा घेऊन आली, बशीत दोन बिस्किटं, पाहुण्यांना देतात तसा. ती आईएवढी उंच झाली होती. दोघी तासभर बसल्या. गणिताच्या बाई कशा आहेत, कुणाचं लग्न झालं, उन्हाळा किती आहे, असं बोलणं झालं. सुवार्तानं दोनदा तिचा हात हातात घेतला. तिनं काढून घेतला नाही, धरलाही नाही.

एस.टी.ची वेळ झाली तशी सुवार्ता उठली. हन्नानं कपबशी उचलली आणि खाली बघत विचारलं, "योएल अजून तुमच्याजवळ झोपतो?"

"हो," सुवार्ता म्हणाली. "झोपतो."

हन्नानं मान हलवली आणि कपबशी विसळायला आत गेली.