दक्षिणेकडे पाय नकोत

पनवेलच्या दुकानात मी चपला काढल्या, पदर खोचला आणि मांडून ठेवलेल्या टबात सरळ आडवी झाले. विकणारा माणूस “मॅडम, मॅडम” करत धावत आला. त्याने आधी विचारलं होतं, फार्महाऊससाठी हवाय की बंगल्यासाठी. मी म्हटलं, नवऱ्यासाठी. तो हसला. त्याला वाटलं, ही बाई चेष्टा करते आहे. एरवी करतेही, पण त्या दिवशी माझ्यात चेष्टा उरली नव्हती. मला टब नवऱ्यासाठीच हवा होता, आणि तो न्हावा शेव्याजवळच्या आमच्या गावातल्या, एकाने अंग पुसायचं तर दुसऱ्याने बाहेर पडायचं अशा बाथरूममध्ये मावायला हवा होता.

माझा नवरा बंदरात ट्रेलर चालवायचा. एका पावसाळ्यात केबिनवरून पाय घसरला आणि हे पाठीवर पडले. कमरेखालचं सगळं गेलं. हात शाबूत राहिले, चांगले पहिल्यासारखे दणकट. खाटेवर दोर बांधलाय, तो धरून हे आपले आपण उठून बसतात. पाय नुसतेच गेले असते तर एक वेळ चाललं असतं. पण ते दिवसातून कितीदा तरी आखडतात, लाकडासारखे होतात, गुडघे एकमेकांवर घट्ट आवळले जातात आणि कळ मात्र थेट वर पोचते. मी तेल चोळायची, दाबायची, देवाला शिव्या घालायची. कशाचाच उपयोग नव्हता.

पनवेलला व्यायाम घेणाऱ्या बाईंनी एकदा ह्यांना कोमट पाण्याच्या टबात बसवलं. थोड्या वेळाने पाय सुटले. माझ्या डोळ्यांदेखत गुडघे अलग झाले. हे परत येताना गाडीत लहान मुलासारखे झोपले. पण आमच्याकडून पनवेलला जायचं म्हणजे कंटेनरच्या रांगेत अर्धा दिवस, आणि घरी पोचेपर्यंत गाडीच्या धक्क्यांनी पाय पुन्हा जागच्या जागी. त्यानंतर ह्यांनी जायचंच नाकारलं. मग दाढी करू देईनात. मग ताटात अर्धं जेवण ठेवायला लागले. बोंबलाचं कालवण ज्या माणसाने कधी ओरपल्याशिवाय सोडलं नाही, तो म्हणायचा, “बास झाला.” माणूस खाटेवरच होता, पण हातातून निसटत चालला होता आणि ते मला दिसत होतं. टब घरी आणायचा, एवढंच मला सुचलं.

मापासाठी मी परकराची नाडी घेतली आणि ह्यांच्या डोक्यापासून टाचेपर्यंत ताणली. हे छताकडे बघत म्हणाले, “कापड किती लागंल त्ये पन बगून ठेव.”

नवऱ्याला मारत नाहीत म्हणून, नाहीतर दिलीच असती एक. मी नाडीला गाठ मारली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुकानातले बहुतेक टब हॉटेलवाल्यांसाठी बनवलेले. एक बाहेरून मोठा आणि आत अरुंद, एकात पाय पसरता येईनात. शेवटी एक साधा पांढरा सापडला. लांबीला बेताचा, एका टोकाला पाठ टेकायला उतार, दुसऱ्या टोकाला पाणी जायचं भोक. तो टेम्पोने आला, अंगणातून आला, ओटीवरून आला, आणि बाथरूमच्या दाराशी अडला. हत्ती गेला नि शेपूट राहिलं. प्लंबरने चौकटच उखडली, तेव्हा तो आत गेला.

आमच्या बाथरूमचं दार उत्तरेला आणि मोरी दक्षिणेच्या भिंतीला. प्लंबरने टब सरळ लावला. पाठीचा उतार दाराकडे, भोक मोरीकडे. मी दारात उभी राहिले तर ह्यांचं डोकं माझ्या पुढ्यात येणार, दोन्ही काखांत हात घालता येणार. मला बघूनच बरं वाटलं.

तेवढ्यात सासूबाई काठी टेकत आल्या. टबाकडे बघितलं, मग सूर्याकडे बघितलं.

“दखनेला पाय?” त्या म्हणाल्या. “दखनेला पाय मढ्याचं करतान. माजा पोर जित्ता हाय अजून.”

मी म्हटलं, “आई, झोपायचं नाही तिथे, शेकायचं आहे.”

“आडवा व्हनार ना? मंग? डोला मिटनार ना? फिरव त्यो.”

प्लंबर म्हणाला, फिरवला तर पाणी उलट्या टोकाला येईल, खालून पाइप घालून मोरीपर्यंत न्यावा लागेल, त्यासाठी टब विटांवर उचलावा लागेल. सासूबाई म्हणाल्या, “उचल.” आमचा माणूस खाटेवरून सगळं ऐकत होता. मी दिशाबिशा मानणाऱ्यांतली नाही. पण सासूबाईंनी ते तोंडातून काढलं आणि मलाही तेच दिसायला लागलं. पांढऱ्या टबात आडवा पडलेला, डोळे मिटलेला, दक्षिणेकडे पाय केलेला माझा नवरा. मी प्लंबरला म्हटलं, फिरवा.

टब फिरला. आता डोकं आतल्या भिंतीला आणि पाय दाराशी. बाजूला जेमतेम एक पाऊल तिरकं ठेवता येईल एवढी फट उरली. ह्यात काय बिघडलं ते तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही, टबाबद्दल एवढी बडबड करणाऱ्या माझ्याही नाही.

पहिल्या आंघोळीला शेजारचे दोघं भाऊ आले. गीझर अर्ध्यातच दमला, म्हणून बाकीचं पाणी मी चुलीवर टोपात तापवलं. दोघांनी ह्यांना उचलून कसंबसं आत ठेवलं आणि लाज राखायला ओटीवर जाऊन बसले. मी दारात, ह्यांच्या पायांशी. पाणी छातीपर्यंत आलं. आम्ही दोघं वाट बघत होतो.

आणि पाय सुटले. आधी डावा, मग उजवा. मी पोटरीवर हात ठेवला तर मऊ लागली. मी ओरडले, “आई, सुटले!” बाहेरून सासूबाई काहीतरी देवाचं पुटपुटल्या. हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. डोकं मागे टेकलं, डोळे मिटले.

मग हे घसरायला लागले. हनुवटी पाण्यात गेली, तोंड गेलं. मला वाटलं गंमत करताहेत. नाक गेलं, कपाळ गेलं. माझ्या हाताशी होते ते फक्त पाय. मी ते धरून ओढले. पाय ओढले तसं डोकं आणखी खाली गेलं. मी वेड्यासारखी ओढतच होते. मग कळलं, मीच बुडवते आहे. साडीसकट टबात उडी टाकली, ह्यांच्या अंगावरून पलीकडे गेले, केसांत हात घातला आणि डोकं वर काढलं. हे खोकले, ओकले, श्वास घेतला. शेजारी धावत आले. मी ओरडून त्यांना दाराबाहेरच थांबवलं, कारण तेवढ्यात माझं लक्ष ह्यांच्या हातांकडे गेलं होतं.

दोन्ही हात पाण्याखाली मांड्यांशेजारी निवांत पडले होते. दोर धरून सगळं शरीर उचलणारे हात. टबाची कड अगदी खांद्याजवळ होती.

“कड का नाही धरलीत?” मी विचारलं.

ह्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाले, “बरा वाटत व्हता गो.”

त्यानंतर कितीतरी वेळ मी ह्यांच्या पाठीमागे, भिंत आणि ह्यांच्यामध्ये चेपून बसले होते. पाणी निवत होतं. माझे दात वाजत होते, थंडीने की रागाने ते मला आजही सांगता येणार नाही. ज्या पाण्यासाठी मी दुकानं पालथी घातली, त्याच पाण्याने ह्यांना वाट दाखवली होती. दाराशी सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“फिरव त्यो,” त्या म्हणाल्या. “व्हवूं दे दखनेला पाय. तुला डोका धरता आला पायजे.”

टब आम्ही फिरवला नाही. दारात उभं राहून काखा धरायच्या एवढ्यावर माझा विश्वास आता राहिलेला नाही. आठवड्यातून तीनदा शेजारचे ह्यांना आत ठेवतात. त्याआधी मी जुना गाऊन घालून भिंतीला पाठ लावून टबात बसलेली असते. ह्यांचं डोकं माझ्या छातीवर येतं. मी दोन्ही हात पुढे घेऊन ह्यांच्या छातीवर बोटांत बोटं अडकवते. पाय सुटतात. हे म्हणतात, “हात अवघडलं असतील गो तुजं. सोड जरा.”

मी सोडत नाही.