ज्योत वाढवताना

"हळू वाढव वं, फुंकू नको!"

माझ्या पाठीमागे एक बाई दुसरीला सांगत होती. कन्हानच्या अलीकडे नदीकाठी देवीचं एक लहान देऊळ आहे, तिथे नवरात्रात भक्तांच्या नावाने लावलेल्या ज्योतींच्या खोलीत मी खांबाला टेकून बसले होते. डोळे मिटलेलेच ठेवले होते, कारण नजर इकडून तिकडे वळवली की डोक्यातून विजेची बारीक कळ जात होती. नवमीचा होम नुकताच आटोपला होता. ते वाक्य मी ऐकलं आणि मला त्याचा अर्थ लागेना. ज्योत वाढवायची तर वात पुढे सारतात, तेल घालतात. त्यात फुंकायचं काय? मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठीच बोलतो आम्ही, पण माझी मराठी रोजच्या कामापुरती. आवाज वाढवणं, वजन वाढवणं, एवढंच मला ठाऊक. इतक्या अस्वस्थपणातही मला ते वाक्य सोडवेना, म्हणून मी मान अगदी सावकाश वळवली आणि डोळे उघडले.

मी तिथे अशी का बसले होते, ते आधी सांगते.

त्याच्या बऱ्याच आधी मला डिप्रेशन आलं होतं. तेव्हा त्याला काय म्हणायचं हे घरात कुणालाच कळत नव्हतं. कंगवा हातात घेऊन मी पलंगाच्या काठावर बसून राहायचे. केस विंचरायचे आहेत की विंचरून झाले, हे आठवायचं नाही. शेवटी आई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. शांत बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी रोज एक गोळी सुरू केली आणि सांगितलं, गुण यायला काही आठवडे लागतील, धीर धरा. गुण आला. एका सकाळी पोह्यांत लिंबू जास्त झालंय हे मला जिभेवर कळलं आणि मी तसं म्हटलं, तेव्हा आई ओट्याकडे तोंड करून रडली.

पण आमच्या घरात त्या गोळीचं नाव 'थायरॉइडची गोळी' असं होतं. नाव आईनेच ठेवलं. खालच्या मजल्यावर काका-काकू राहतात, काकू दिवसातून चारदा वर येते, आणि गोळ्यांची पट्टी फ्रीजवरच असायची. थायरॉइड आमच्याकडे बऱ्याच जणींना आहे, त्याची कुणाला लाज वाटत नाही. मलाही ते नाव सोयीचं होतं. मी मुळातच कमी बोलणारी. जे सांगावं लागत नाही ते न सांगणं मला नेहमी सोपं वाटत आलं आहे.

त्या नवरात्रात काकूने माझ्या नावाने देवळात नऊ दिवसांची ज्योत लावली. दिवाळीनंतर अमरावतीहून मंडळी मला पाहायला येणार होती, त्यासाठी. काकूचा जीव आहे माझ्यावर. घट बसायच्या आदल्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघरात शिंगाड्याचं पीठ चाळत म्हणाली, "या वेळेस कडक कर. नुसती फळं अन् पाणी. ती थायरॉइडची गोळीसुद्धा नको. नऊ दिवसांनी काय बिघडते? देवी पाहून घेईल." आईचा हात विळीवर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. खरं बोलल्याशिवाय काकूला नाही म्हणता येत नव्हतं, आणि खरं बोलायचं नव्हतं. काकू गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "डॉक्टरांना एकदा विचारू या का?" मी म्हटलं, "मी आता बरी आहे गं."

डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलेलं होतं, की बरं वाटायला लागलं म्हणजे तुम्हालाच वाटेल, आता कशाला गोळी. तेव्हा मनाने बंद करू नका, आधी मला फोन करा. ते मला आठवत होतं. पण अमरावतीची मंडळी यायच्या आत हे सगळं संपावं, अशी माझी आतून इच्छा होती, आणि त्या इच्छेला मी श्रद्धेचं नाव दिलं. देवघरासमोर बसून मी देवीला म्हटलं, आई, मी सगळं तुझ्यावर सोडलं. आणि पट्टी उचलून कपाटात ठेवून दिली.

सुरुवातीला काहीच झालं नाही. उलट फार हलकं वाटलं. मग एका दुपारी जिना उतरताना पायरी पायाला किंचित उशिरा लागल्यासारखी झाली. त्यानंतर डोक्यात त्या कळा सुरू झाल्या. स्क्रीनवर काम करताना डोळे एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नेले की झण् व्हायचं. मळमळ व्हायची, ती उपासाची समजले. झोपेत इतकी स्पष्ट स्वप्नं पडायची की सकाळी उठल्यावर खरं कोणतं ते ठरवायला वेळ लागायचा. फ्रीजचं दार नीट लागलं नाही म्हणून मी रडले आणि आईने विचारलं तर तिच्यावरच ओरडले. मला दोनच कारणं दिसत होती. एक तर जुना आजार परत आला होता, नाही तर देवीला माझा उपास मान्य नव्हता. दोन्हींत उणीव माझ्यातच होती, म्हणून मी कुणालाच काही सांगितलं नाही. मनातल्या मनात विचारत राहिले, मी कुठे चुकते आहे, एवढं तरी दाखव.

नवमीला आई घरी कुमारिकांच्या जेवणात अडकली होती, म्हणून काकू मला गाडीने देवळात घेऊन आली. ती प्रसादाच्या रांगेत गेली आणि मी ज्योतींच्या खोलीत बसले.

तर, मी डोळे उघडले. माझ्याच ज्योतीच्या शेजारची ज्योत होती ती. एक साठीतली जाड, हसऱ्या चेहऱ्याची मावशी मांडी घालून बसली होती आणि तिची सून गाल फुगवून वातीवर वाकली होती. बोलण्यावरून कळलं की त्या खापरखेड्याच्या कॉलनीतून आल्या होत्या.

"आई, इकडे आपण ज्योत वाढवून राहिलो, अन् तिकडे तो ऑटोवाला भाडं वाढवून राहिला," सून म्हणाली.

"वाढवू दे त्याले. नऊ दिवस ज्योत देवीपुढे उभी राहिली, तिले फू करून घालवते का तू? मंग धूर होते, अन् सारी काजळी देवीच्या तोंडावर बसते. सरक तिकडे."

मावशीने एक बारीक काडी घेतली आणि वात किंचित मागे ओढली. ज्योत थरथरली. मावशी हात मांडीवर ठेवून नुसती बसली. ज्योत स्थिर झाल्यावर तिने वात आणखी थोडी मागे घेतली आणि पुन्हा थांबली. एकदा ज्योत फारच फडफडली, तर तिने वात परत थोडी पुढे सारली, पाहिलं, आणि मग मागे घेतली. शेवटी ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड उरला तेव्हा दुधात बुडवलेलं फूल त्यावर अलगद टेकवलं. धूर झाला नाही.

माझे काका लकडगंजमध्ये लाकडाचा व्यापार करतात. संध्याकाळी ते माणसांना सांगायचे, "चला, दुकान वाढवा." लहानपणी मला वाटायचं, आता दुकान मोठं होणार. दुसऱ्या दिवशी पाहावं तर तेवढंच. ते बंद करण्याबद्दल बोलत होते हे मला त्या दिवशी, त्या खोलीत समजलं. जे आपल्याला सांभाळतं, त्याला बंद केलं, विझवलं असं म्हणायला आपली माणसं धजत नाहीत, म्हणून वाढवलं म्हणतात. मी मात्र माझी गोळी फुंकून टाकली होती, आणि आता डोक्यात नुसता धूर होता. डोळ्यांत पाणी आलं. मी घाईने उठायला गेले आणि तोल गेला.

मावशीने माझा दंड धरला. "काहून वं पोरी? उपास झेपून नाई राहिला का?"

"चक्कर येतेय जरा."

"गोळीबिळी चालू आहे का काही? सोडली असशीन. मी बी सोडली होती बीपीची, एका नवरात्रात. याच पायऱ्यांवर पडली. डॉक्टर मले म्हणे, मावशी, उपास अन्नाचा असते, गोळीचा नसते." मग तिने विचारलं, "कायची गोळी हाये?"

"थायरॉइडची," मी म्हटलं. ते उत्तर माझ्या तोंडात तयारच असायचं.

माझा दंड न सोडता ती म्हणाली, "कायची का असंना. ज्यानं देल्ली त्याले विचार. आत्ताच कर फोन. मी हाये इथं."

तिने मला बाहेर पायऱ्यांवर सावलीत बसवलं. सणाचा दिवस, फोन कोण उचलणार, असं मनात म्हणत मी नंबर लावला, तर पहिल्याच रिंगला डॉक्टरांचाच आवाज आला. मी बोलायला लागले तशी मावशी उठली, पार शेवटच्या पायरीपर्यंत गेली आणि माझ्याकडे पाठ करून त्या ऑटोवाल्याशी मोठमोठ्याने भाड्यावरून भांडत राहिली. मला मोकळेपणाने बोलता यावं म्हणूनच, असं मला आजही वाटतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. गोळी कधीपासून बंद आहे, काय काय होतंय ते विचारलं. जीव नकोसा वाटणं, स्वतःला इजा करावीशी वाटणं, असे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. "तसा विचार नुसता आला तरी एकट्या राहू नका, तडक दवाखान्यात या," त्या म्हणाल्या. "आजार परत आला असं लगेच समजू नका. गोळी एकदम तोडली की शरीर असं करू शकतं. व्यसन लागलं असाही त्याचा अर्थ नाही. आज काहीतरी खा आणि नेहमीची गोळी घ्या. एकच. राहिलेल्यांची भरपाई म्हणून जास्त घ्यायच्या नाहीत. गाडी चालवू नका. उद्या आईला घेऊन या." मी फोन ठेवला तेव्हा मावशी आणि तिची सून ऑटोत बसत होत्या. मावशीने लांबूनच हात केला. मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

पुढच्या काही दिवसांत कळा विरळ होत गेल्या आणि मग थांबल्या. डॉक्टर म्हणाल्या, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. काहींना गोळी पुष्कळ काळ लागते, त्यात कमीपणा नाही. तुम्ही काही महिने नीट स्थिर राहा, मग आपण दोघी मिळून कमी करू. अमरावतीची मंडळी येऊन, पोहे खाऊन गेली. ते तिथेच राहिलं. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. उन्हाळा सरत आला तेव्हा डॉक्टरांनी गोळी पहिल्यांदा थोडी कमी केली. एक दिवस घ्यायची, एक दिवस नाही, असं मनाने करायचं नाही, हे बजावून सांगितलं. झोप, भूक, चिडचिड यांवर आईनेही लक्ष ठेवायचं ठरलं. पहिली पायरी सहज गेली. दुसऱ्या वेळी कळा परत आल्या, स्वप्नं परत आली, आणि आम्ही एक पायरी मागे गेलो. मी हिरमुसले. डॉक्टर म्हणाल्या, "थांबणं हासुद्धा यातलाच भाग आहे." मला वात परत पुढे सारणारा मावशीचा हात दिसला, आणि मी थांबले.

त्या दिवशी देवीने काय केलं, आणि काय आपोआप घडलं, हे मला सांगता येणार नाही. ते वाक्य मावशीने तिच्या सुनेला सांगितलं होतं, मला नाही. पण मी मागितलेलं उत्तर त्यात होतं, आणि ते मला कळेल इतक्या जवळ कुणीतरी मला बसवलं होतं. एवढ्यासाठी मी रोज हात जोडते. तेव्हा मी देवीवर सगळं सोडलं म्हणत होते, पण प्रत्यक्षात फक्त सोडून दिलं होतं. सोपवणं वेगळं असतं. सोपवायचं म्हणजे ज्या ज्या हातांनी ती आपल्याला धरते, ते हात धरू द्यायचे. डॉक्टरांचा हात, आईचा, अनोळखी मावशीचा. आणि त्या हातांना खरं काय ते माहीत असावं लागतं. माझं अडलं होतं ते तिथेच.

यंदाही काकूने माझ्या नावाची ज्योत लावली. नवमीला आम्ही तिघी गेलो. मी त्या मावशीला शोधलं. तिच्या जागी दुसरंच कुटुंब बसलं होतं. होम झाल्यावर मी काडी मागून घेतली आणि माझी ज्योत मीच वाढवायला बसले. भोवती काकूच्या ओळखीच्या चारदोन बायका होत्या. दुधाची वाटी माझ्यापुढे सरकवत काकूने विचारलं, "काय गं, सुटली का मग ती थायरॉइडची गोळी?"

आईने माझ्याकडे पाहिलं. ज्योत थरथरत होती. ती स्थिर होईपर्यंत मी थांबले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "काकू, ती थायरॉइडची कधीच नव्हती. डिप्रेशनची आहे. आणि मी ती सोडली नाही, वाढवतेय. हळूहळू."