पालथ्या माठाची उंची

ओळख करून देण्याच्या कार्यक्रमाचा मला मनस्वी कंटाळा आहे. दरवर्षी नवा गट जमला की मुलं एकेक करून उभी राहतात आणि आपण लहानपणापासून किती कलावंत होतो ते सांगतात. यंदा आमच्या डिझाइन कॉलेजात गटाला विषय होता लांब पोळीचा. ही पोळी पालथ्या माठावर भाजतात. लग्नाकार्यात ती सगळ्यांना हवी असते, करायला मात्र बाई मिळत नाही. नव्या बाईला पोळी पटकन शिकता येईल अशी चूल आम्हाला बनवायची होती.

चुलीचं काम गटातल्या पियूषला हवं होतं, आणखी तिघांनाही हवं होतं. तिची माहिती देणारं पोस्टर करायचं काम मात्र कुणालाच नको होतं. भूमिका सर्वांत शेवटी उठली. इथल्याच सक्करदरा भागातली, तिसऱ्या वर्षाची, वर्षभर माझ्या तासाला कोपऱ्यात गप्प बसलेली. पोस्टर हिच्या गळ्यात घालायचं, हे मी ठरवूनही टाकलं होतं.

"मी भूमिका. माझी आई वीस वर्षांपासून लांब पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. मले पोळी येत नाही."

सगळे हसले.

"मंग चुलीचं तू काय करशील?" पियूषने विचारलं.

"ते फाटते कुठं, ते मले माहीत आहे. सहा वर्षं झाली, आई शिकवून राहिली. हातावर पीठ चांगलं लांबते. माठावर टाकतानी उजवी बाजू आधी टेकते अन् तिथंच फाटते. दरवेळी तिथंच." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, मले चूलच पाहिजे. पोस्टर नाही करणार मी."

तिचं हे बोलणं मला काही फार रुचलं नाही. पण बाकीच्या चौघांपैकी एकही जण कधी माठाजवळ उभा राहिलेला नव्हता. चूल तिला दिली. पियूष दोन दिवस फुगून बसला.

पहिलं काम मापं घेण्याचं. शनिवारी आम्ही तिच्याच घरी गेलो. मागच्या अंगणात पत्र्याखाली विटांचा ओटा, ओट्यावर चूल, चुलीवर पालथा माठ. तिची आई सिंधूताई ठेंगणी, लेकही तेवढीच. ताईंनी सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लांबवला, टाचा उचलल्या आणि पोळी माठावर सोडली. त्यांचीही उजवी बाजू आधी टेकली, फक्त फाटली नाही.

भूमिकाने टेप लावला. माठाचा माथा आईच्या खांद्याच्या चार बोटं वर होता.

"ओटा कोणी बांधला?" मी विचारलं.

"माह्या सासूनं. चांगली उंचपुरी होती."

"मग तुम्ही कमी काहून नाही केला?" पियूष म्हणाला.

"सासूच्या चुलीले हात कसा लावायचा बापा? जमत नसन तर आपलाच हात वाईट."

भूमिकाने विटा आणल्या, त्यांवर फळी टाकली आणि आईला वर उभं केलं. ताईंनी दुसरी पोळी घेतली. या वेळी टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. पोळी दोन्ही बाजूंनी एकदमच टेकली. त्या बराच वेळ पोळीकडेच बघत राहिल्या, इतका की ती एका अंगाने करपली.

"सहा वर्षं तुले बोलली वं मी," त्या लेकीला म्हणाल्या. "तुह्या हाताले गुणच नाही म्हणून."

भूमिका टेप गुंडाळत राहिली. ताईंनी डाव्या हाताने आपला दुखरा उजवा खांदा धरला.

"अन् याले वीस वर्षं बोलली."