सावधान स्थितीतलं शवासन

आमची पलटण औरंगाबादच्या छावणीत होती. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, माझ्या कागदांत मात्र जुनंच आहे. मी लांस नाईक तानाजी गावडे, लंगरचा, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराचा, कुक. गाव चंदगड तालुक्यात, कोल्हापूरच्याही पलीकडं. शाळा आठवीत सुटली. फौजेनं मला घेतलं, पोटभर जेवू घातलं आणि तेच जेवण दुसऱ्यांसाठी रांधायचं काम दिलं. त्या उपकाराखाली मी अजून आहे.

त्या हिवाळ्याआधी मूव्ह ऑर्डर आली. पलटण लेहच्या पुढं, बर्फात जाणार. जाण्याआधी प्रत्येकाचं मेडिकल. माझं ब्लडप्रेशर जास्त निघालं. एमआय रूममधल्या, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यातल्या, डॉक्टर कॅप्टन मॅडमनी पुन्हा मोजलं. आणखी वाढलं.

"नमक कितना खाते हो?"

"चखना पडता है, मॅडम."

"कितनी बार?"

"जितने पतीले, उतनी बार."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं. मग तर अजिबात हसल्या नाहीत.

मला तात्पुरती लो मेडिकल कॅटेगरी मिळाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लो कॅटेगरीचा माणूस बर्फात जात नाही. तो रियर पार्टीत राहतो, म्हणजे पलटण गेल्यावर मागं सामान आणि बराकी राखणाऱ्या माणसांत. लोक म्हणतील, बरं झालं, थंडी वाचली. माझं तसं नव्हतं. आईवडील राहिले नव्हते. गावी भावाचं घर होतं, माझं नव्हतं. जे काय माझं होतं ते याच पलटणीत, भांड्यांच्या आसपास. त्यात कॅटेगरी तशीच राहिली तर नोकरीही लवकर संपणार. आठवी शिकलेला माणूस मग करणार काय? या विचारानं झोप उडाली, आणि झोप उडाली म्हणून प्रेशर वाढलं असणार.

मॅडम म्हणाल्या, गोळ्यांचं नंतर बघू. आधी मीठ कमी, वजन कमी, आणि योग. पुंडलिकनगरात त्यांच्या ओळखीच्या एक बाई नवशिक्यांचा वर्ग घेत होत्या. महिनाभर तिथं जायचं. नंतर मिलिटरी हॉस्पिटलचे कर्नल साहेब तपासतील आणि निकाल देतील.

सुभेदार साहेबांनी आऊटपासवर सही केली. पण फौजेत कुणी एकटा जात नाही, सोबत बडी असतो.

"गावडे अकेला नहीं जाएगा," साहेब म्हणाले. "रास्ते में भजी का ठेला है."

बडी म्हणून मिळाले हवालदार दिगंबर नरवडे. पैठण तालुक्यातले. पलटणीत वेपन ट्रेनिंग त्यांच्याकडं होतं. कुकलाही दरवर्षी फायरिंग करावी लागते, त्यामुळं रायफल मला त्यांनीच शिकवली होती. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो.

पहिल्या दिवशी दोघं सायकलवरून गेलो. देवळामागं हॉल होता, खाली सतरंज्या. शिकवणाऱ्या कुलकर्णी बाई निवृत्त शिक्षिका. वर्गात कॉलनीतल्या काही बायका आणि गंगापूरकडचे गायके काका. काका एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाल्यावर गुडघ्यासाठी येत होते.

उस्ताद दारातच खुर्ची ओढून बसले.

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"मी याचा बडी."

"म्हणजे?"

"हा पळाला तर पकडायला."

"मग आत या आणि इथून पकडा. माझ्या वर्गात बघे चालत नाहीत."

उस्तादांनी बूट काढले. आयुष्यात त्यांना इतक्या चटकन ऑर्डर मानताना मी पाहिलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, सरळ उभे राहा. आम्ही दोघांनी टाचा अशा आपटल्या की मागच्या काकू दचकल्या. बाई म्हणाल्या, हात वर घ्या. आम्ही एक-दो करून घेतले.

"अहो, हळू! इथं शिट्टी मारणारं कुणी नाही."

शेवटी शवासन. मेल्यासारखं पडायचं, अंग सैल सोडायचं, एवढंच. मला वाटलं हे तरी जमेल. मी पडलो. टाचा जुळलेल्या, मुठी बंद, अंगठे पँटच्या शिवणीवर, नजर छतावर. शेजारी उस्ताद तसेच.

गायके काकांनी मान वळवून पाहिलं. "बाई, हे दोघं लई कडक मेलेत हो."

सगळा हॉल हसला. बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा हात मनगटाला धरून उचलला आणि सोडून दिला. हात वरच राहिला.

"सोडा."

"सोडला, बाई."

"मग हा वर कुणी धरलाय?"

त्यांनी माझ्या छातीकडं पाहिलं. "आणि श्वास कुठाय तुमचा? मघापासून शोधतेय."

मी उस्तादांकडं पाहिलं. उस्ताद छताकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, ते माझं काम. फायरिंग रेंजवर ट्रिगर दाबताना सांस रोकायला मीच शिकवलंय याला. हा गडी इतका भित्रा, की तेव्हापासून जे महत्त्वाचं करील ते सांस रोकूनच करतो. मीठसुद्धा तसंच टाकतो."

"तुम्ही शिकवलंत, तर तुम्हीच सोडवा," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून उस्तादांनी ती ड्यूटी घेतली. रोज संध्याकाळी माझ्या शेजारच्या सतरंजीवर पडायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "सांस छोड." मी सोडायचो. "फिर छोड." थोड्या वेळानं आवाज बंद व्हायचा आणि घोरणं सुरू व्हायचं. काका म्हणायचे, "हवालदार पास झाले. त्या आचाऱ्याचं बघा, बाई."

परतताना भजीची गाडी लागायची. उस्ताद सायकल माझ्या आणि गाडीच्या मधी घालायचे आणि भर रस्त्यात ओरडायचे, "गावडे! बाएं देख!" गाडी उजवीकडं असायची. मी परेडसारखी मान वळवून जायचो. भजीवाला आम्हाला सलाम ठोकायला लागला होता.

महिना सरत आला तसा हात उचलून सोडला की खाली पडायला लागला. पोटही उतरलं. लंगरमध्ये मी चाखायचं काम मसालचीवर, म्हणजे माझ्या मदतनिसावर, सोपवलं. दोन दिवस पलटणीनं शिव्या घातल्या, मग जिभांना त्याच्या मिठाची सवय झाली.

तपासणीच्या दिवशी उस्ताद सोबत आले. बडीला आत यायची परवानगी नसते. ते व्हरांड्यात उभे राहिले. आत कर्नल साहेब. मी सॅल्यूट केला, स्टुलावर बसलो, छाती बाहेर, पाठ ताठ. दंडावर पट्टा बांधला आणि महिन्याभराचं सगळं पुसलं गेलं. प्रेशर वर.

साहेबांनी पेन उचललं. माझ्या डोळ्यांपुढं रिकामी बराक आली.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "घबराते बहुत हो. उधर लेट जाओ. थोड़ी देर बाद फिर देखेंगे."

मी पलंगावर पडलो. टाचा आपोआप जुळल्या. एवढ्यात व्हरांड्याच्या खिडकीतून हलका आवाज आला. "सांस छोड."

"कौन है बाहर?" साहेबांनी विचारलं.

"कोई नहीं, सर!" उस्तादांनी उत्तर दिलं.

नर्सिंग असिस्टंट तोंड फिरवून हसला. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यात श्वास सुटला. टाचा सुटल्या, मुठी सुटल्या. पुढचं मला आठवत नाही. कुणीतरी खांदा हलवला तेव्हा दंडावरचा पट्टा काढत होते.

"सो गए थे," साहेब म्हणाले. "प्रेशर ठीक है. तीन दिन और रोज आकर नपवा लो. ऐसा ही रहा तो कॅटेगरी हटा देंगे."

तीन दिवस तसंच राहिलं. मी पलटणीसोबत जाणार होतो. शेवटच्या संध्याकाळी पूर्ण वर्गाला शिरा करून नेला. काका म्हणाले, "गोड बरोबर झालंय. हे तर चाखलं असशील?" मी खरं सांगितलं. चाखलं होतं. पुष्कळदा.

वरच्या पोस्टचं फार लिहीत नाही. बर्फ, रॉकेलचा स्टोव्ह, उशिरा शिजणारी डाळ. त्या सकाळी उस्ताद पुढच्या पोस्टला सामान पोचवणाऱ्या पार्टीचे कमांडर होते. लंगरच्या तंबूत जेवून निघाले. दुपारच्या आधी उतारावरचा बर्फ खाली आला. मी रेडिओच्या तंबूत चहा घेऊन गेलो होतो.

"एक जवान दबा है. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर.

"हवालदार दिगंबर नरवडे. ओव्हर."

संध्याकाळी उस्तादांना आणलं. आणणाऱ्यांत मीही होतो.

पुढं रजा मिळाली तेव्हा मी गावाआधी औरंगाबादला उतरलो आणि पुंडलिकनगरात गेलो. बाईंना कळवायला दुसरं कुणी नव्हतं. मी सांगितलं. त्या दिवशी वर्ग झाला नाही. दुसऱ्या दिवशी बाई, काका आणि दोन काकू माझ्यासोबत पैठणच्या एसटीत बसल्या. काकांनी ओळखीच्या कंडक्टरला सांगून सगळ्यांना जागा करून दिली.

उस्तादांची आई ओसरीवर बसली होती. साहेब लोक येऊन गेले होते, सांगायचं ते सांगून झालं होतं. मी पाया पडलो. मी कोण ते बाईंनी सांगितलं.

"म्हंजी सैपाक तू करायचा व्हय?"

"हो, आई."

"त्या दिशी जेवून निघाला व्हता का रं त्यो?"

इतक्या लोकांत हे एकच त्यांना विचारायचं राहिलं होतं.

"जेवले होते, आई. गरम पराठे, बटाट्याची भाजी. वर दोनदा चहा. माझ्या हातचं."

"पोटभर?"

"पोटभर."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग आतल्या सुनेला हाक मारली, "अगं, पाव्हण्यास्नी ताटं कर."

आम्ही सगळे तिथं जेवलो.