कारंज्यावरची अंडी

एगैलाच्या मॉलमध्ये रंगीत अंडी मांडलेली दिसली आणि मला मार्था आठवली. साठच्या दशकात ती इथे कुवेतमध्ये आमची शेजारीण होती, जर्मनीतल्या डोंगरावरच्या एका छोट्या गावची. तेव्हा आमच्याकडे गोडं पाणी टँकरने यायचं आणि तापलेली वाळू भिजल्याचा वास दारापर्यंत पोचायचा.

एकदा तिने गावच्या चौकातल्या जुन्या कारंज्याचा फोटो दाखवला. त्यावर अंड्यांच्या माळाच माळा! फोटो काळापांढरा, म्हणून मी एकेकीचा रंग विचारत बसले. मग राहवलं नाही. "एवढी अंडी वाया घालवता?"

ती हसली. "टोकांना भोकं पाडून आतलं फुंकून काढतो, त्याचं ऑम्लेट करतो. पूर्वी आमच्या बायका दरीतून पाणी वाहून आणायच्या. गावात पाणी आलं, तेव्हापासून ईस्टरला कारंजं सजवतात."

दुसऱ्या दिवशी मी एक टरफल हळदीत रंगवून टाकीच्या नळाला बांधलं. टँकरवाल्याने विचारलं, "भाभी, नजर लगी क्या?"

"नहीं, पानी आया."

आज घरी येऊन तसंच पिवळं अंडं स्वयंपाकघरातल्या नळाला बांधलं. नात हसायला लागली. "नानी, पाणी तर एव्हरी डे येतं!"

"म्हणून तर," मी म्हटलं.