बहात्तर सालचं पिस्तूल

पहिली गोळी झाडली तेव्हा शुभदा खानझोडेला वाटलं, सराव नव्हता त्या सहा आठवड्यांत आपला हातच बिघडला. दुसऱ्या गोळीला गालावर कुणी गरम फुंकर मारल्यासारखं झालं. तिसरीनंतर तिने पिस्तूल फळीवर ठेवलं आणि खाली वाकून रिकाम्या पुंगळ्या गोळा केल्या. पितळेच्या त्या इवल्याशा नळ्या एरवी पिस्तुलातून बाहेर पडतात त्या सरळसोट असतात. या तिन्ही पोटाशी फुगल्या होत्या, आणि एक तर उभी चिरली होती.

काडतुसं दमट झाली असतील म्हणून तिने नेमबाजी क्लबच्या कपाटातला नवा डबा फोडला. पुन्हा तेच. तिला काही उमजेना. आयर्लंडात, कॉर्कजवळच्या रिंगास्किडीत एका औषध कारखान्यात ती यंत्रं तपासायचं काम करते. यंत्राने ओळीने तीनदा तेच केलं की आपल्या मनाचं बाजूला ठेवून यंत्राचं ऐकायचं, हा तिथला नियम. इथे सहा झाले होते आणि यंत्र काय म्हणतंय ते कळत नव्हतं.

शुभदा मूळची नागपूरची. कॉलेजात एनसीसीत होती, कामठीच्या रेंजवर रायफलीचं एक पदकही मिळालं होतं. पुढे नोकरी, लग्न, तन्वीचा जन्म, या सगळ्यात ते पदक आईच्या कपाटात गेलं ते गेलंच. २०१७ साली नवऱ्याला, सतीशला, कॉर्कमध्ये काम मिळालं आणि तिघं इथे आली. वर्षभराने शुभदाही कारखान्यात लागली. तिथे डेनिस क्राउली नावाचे जुने फिटर होते. चिमट्याने काचेच्या बारीक नळ्या उचलणारा तिचा हात त्यांनी दोन दिवस बघितला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "तू कधी नेमबाजी केलीस का गं?"

तेच तिला या क्लबात घेऊन आले. उभं कसं राहायचं, श्वास कुठे थांबवायचा, चाप ओढायचा नसून दाबत न्यायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. कारखान्यात सगळे त्यांना नुसतं डेनिस म्हणत, तीही म्हणायची, पण घरात मराठीत त्यांचा विषय निघाला की ते आपोआप डेनिसकाका व्हायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी बंदुका दुरुस्त करायचा रीतसर परवाना काढला आणि घरामागच्या शेडमध्ये लेथ बसवलं. क्लबातलं प्रत्येक हत्यार कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेलं.

आयर्लंडात पिस्तूल बाळगणं म्हणजे खेळ नव्हे. शुभदाच्या त्या .२२च्या स्पर्धेच्या पिस्तुलाला परवाना मिळायला आठ महिने लागले होते. गार्डा, म्हणजे इथले पोलिस, घरी येऊन तिजोरी भिंतीला नीट ठोकली आहे की नाही ते हलवून बघून गेले होते. म्हणूनच आईच्या मोतीबिंदूसाठी नागपूरला जायचं ठरलं, सतीश आणि तन्वीही बरोबर निघाले, तेव्हा घर रिकामं राहणार म्हणून तिने पिस्तूल डेनिसच्या ताब्यात दिलं. क्लबच्या कागदावर सही केली, परत आल्यावर तशीच सही करून ते ताब्यात घेतलं. घरी आणून तिजोरीत ठेवलं. उघडून बघायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

रेंजवरची जबाबदारी फिनबारकडे होती. तिने पुंगळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्याने पिस्तूल रिकामं करून नळीत मागच्या बाजूने बारीक दिव्याचा झोत टाकला. 

"काय झालंय?" शुभदाने विचारलं.

"हे कुणीतरी आतून बदललंय. मॅग्नम काडतूस बसावं म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे लांब काडतूस, दारू जास्त, जोर जास्त. तुझं नेहमीचं काडतूस आत सैल बसतंय, म्हणून पुंगळ्या फुटतायत. आणि खरं मॅग्नम घालून झाडलं असतंस ना, तर हे पिस्तूल तेवढ्या जोरासाठी बनवलेलंच नाही. मागचा भाग तोंडावर आला असता." मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "काम मात्र फार सुरेख केलंय. केसाचाही फरक नाही. शुभदा, हे कुणाच्या हातात गेलं होतं?"

"कुणाच्याच नाही," ती म्हणाली.

हे आपण का बोललो ते तिचं तिलाच कळलं नाही. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. फिनबारने तिच्याकडे बघितलं. कागद त्याच्याच कपाटात होता, त्यालाही ठाऊक होतं.

"पिस्तूल मी इथे कुलपात ठेवतो," तो म्हणाला. "सोमवारी मला गार्डांना कळवावंच लागेल. त्याआधी तू स्वतः गेलीस तर बरं."

घरी सतीश ओट्यापाशी उभा राहून भाजी चिरत होता. तिने सगळं सांगितलं तेव्हा सुरी हातातच राहिली.

"परवान्यावर एक आणि हातात भलतंच. म्हणजे कागदोपत्री गुन्हेगार तू. आपला सिटिझनशिपचा अर्ज तिकडे पडलाय, शुभदा! सरळ सांग ना डेनिसकाकांनी केलं म्हणून."

"पण डेनिसकाका असं करणारच नाहीत, सतीश. नियमाचा माणूस आहे तो. रेंजवर कुणी नळी वाकडी धरली तरी बाहेर काढायचे."

"मग केलं कुणी? भुताने?"

वरच्या खोलीतून उतरताना तन्वीने अर्धवट ऐकलं होतं. ती तिच्या कॉर्कच्या इंग्रजीत म्हणाली, "मम, जस्ट आस्क हिम, लाइक." शुभदाला वाटलं, एवढं सोपं आपल्याला का सुचलं नाही. आणि लगेच वाटलं, सोपं नाहीये ते.

रविवारी सकाळी ती पॅसेज वेस्टला डेनिसच्या घरी गेली. डेनिसच्या बायकोने, मॉरीनने, दार उघडलं आणि शुभदाला बघून तिचा चेहरा पडला. नेहमी दारातच गळ्यात पडणारी बाई.

डेनिस मागच्या शेडमध्ये होते. पंचाहत्तरीला टेकलेला, उंच, खांद्यातून जरा झुकलेला माणूस. "ये गं," ते म्हणाले. "आईचा डोळा कसा आहे? उजवा होता ना?"

उजवाच होता. शुभदाला हायसं वाटलं. सगळं लक्षात आहे, म्हणजे नक्कीच काहीतरी सरळ कारण निघेल.

"आई बरी आहे. डेनिस, माझं पिस्तूल..."

"चाललं की नाही मग?" त्यांचे डोळे चमकले. "नळी चुकीची बसवून दिली होती त्यांनी. इतकी वर्षं बॅरॅकमध्ये पडलेलं, कुणी छेडछाड केली असणार. मी पूर्वी होतं तसं करून ठेवलं."

"कुठलं पूर्वीचं?"

डेनिस खुर्ची ओढून बसले आणि लहान मुलाला समजवावं तसं सांगू लागले. बहात्तर साली, उत्तर आयर्लंडात गोळीबार चालू होता त्या दिवसांत, सरकारने सगळ्यांची पिस्तुलं जमा करून घेतली. महिनाभरासाठी म्हणून. त्यांचं वय तेव्हा बावीस. वडिलांनी विसाव्या वाढदिवसाला घेऊन दिलेलं मॅग्नम पिस्तूल त्यांनी स्वतःच्या हाताने पोलिसांच्या बॅरॅकमध्ये नेऊन दिलं. ते कधीच परत मिळालं नाही. बोलता बोलता त्यांनी खण उघडून पिवळा पडलेला कागद काढला. गार्डांची पावती होती, त्यावर पिस्तुलाचा नंबरही होता.

"बावन्न वर्षं," ते म्हणाले. "आणि बघ, शेवटी तूच आणून दिलंस."

शुभदाने पावतीवरचा नंबर वाचला. तिच्या पिस्तुलाचा नंबर तिला पाठ होता, या नंबराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

"डेनिस, ते माझं आहे. मी जर्मनीहून मागवलेलं. तुम्हीच पसंत केलं होतंत."

"हो, तुझंच," ते लगेच म्हणाले. "तुझा हात चांगला आहे. माझ्यामागे तुलाच." मग उठून त्यांनी फळीवरच्या डब्यातून पाच लांब काडतुसं मोजून तिच्या तळहातावर ठेवली. "हीच घालायची बरं का यात. ती आखूड नको."

ती त्या काडतुसांकडे बघत राहिली. रायफलींसाठी अशी त्यांच्याकडे असायचीच, त्यात गैर काही नव्हतं. पण ही काडतुसं त्यांनी पिस्तूल परत देतानाच दिली असती तर? डेनिसनी दिलेली वस्तू तिने डोळे झाकून वापरली असती. तिने ती परत डब्यात ठेवली. ती मोजताना समोरच्या माणसाचे हात अगदी स्थिर होते. आईचा कुठला डोळा हे ज्याला आठवतं, केसाचा फरक न पडता ज्याला पोलाद कापता येतं, त्या माणसाला हे कुठलं साल आहे हे माहीत नसावं? की माहीत होतं, आणि एकदा तरी ते पिस्तूल पुन्हा हातात धरावं म्हणून त्यांनी हे जाणूनबुजून केलं होतं? ती त्यांच्या चेहऱ्यात शोधत राहिली. दोन्ही दिसत होतं.

स्वयंपाकघरात मॉरीन कपबशा काढायला कपाट उघडून तशीच उभी होती.

"मला हॅलोवीनपासून ठाऊक आहे," ती पाठमोरीच म्हणाली. "डेनिस दुकानातून घरी यायचा रस्ता चुकले. डॉक्टरकडे मी नेलं नाही. नेलं की परवाना जाणार, शेडला कुलूप लागणार. शेडमध्ये असले की ते आपले पूर्वीचे डेनिस असतात गं. मला वाटलं, एवढा हिवाळा जाऊ दे."

"मॉरीन, मला इजा झाली असती. मी मेलेही असते."

मॉरीन वळली. "माहीत आहे," ती म्हणाली आणि रडू लागली. शुभदा तिच्याजवळ गेली. तिला राग आला होता, खरोखरचा राग, आणि तरीही ती मॉरीनचा हात धरून उभी होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा होऊ शकतात, ते तिला समजत नव्हतं.

परत येताना तिने गाडी धक्क्यापाशी थांबवली. कारखान्यात काही बिघडलं की चोवीस तासांत लिहून द्यावं लागतं. काय घडलं तेवढंच, दोष कुणाचा ते नाही. असे शेकडो कागद तिने न अडखळता लिहिले होते. आता मोबाइलवर पहिलं वाक्य लिहायला घेतलं तर 'डेनिस' या शब्दापुढे बोट जाईना. न सांगावं, तर उद्या क्लबातल्या आणखी कुणाचं हत्यार त्या शेडमध्ये जाईल. सांगावं, तर ज्याने आपल्याला इथे उभं राहायला शिकवलं, त्याच्याच पायाखालची जमीन आपण काढून घेतो. तासभर बसून तिने दोन ओळी लिहिल्या आणि त्या मॉरीनला पाठवल्या. "उद्या दहा वाजता मी हे गार्डांना सांगणार आहे. तुम्ही बरोबर आलात तर बरं होईल."

मॉरीन आली. फिनबारही आला. तिथली सार्जंट तिशीतली मुलगी होती. तिने सगळं दोनदा ऐकून घेतलं, रेंजवर 'कुणाच्याच नाही' म्हणून फिनबारशी खोटं बोलल्याचंही शुभदाने सांगितलं तेव्हा फक्त मान वर करून बघितलं. पिस्तूल जप्त झालं. दुपारी दोन गार्डा शेडमध्ये जाऊन काडतुसं, हत्यारं घेऊन आले आणि लेथची वीज तोडून आले. पुढच्या आठवड्यात क्लबातलं प्रत्येक हत्यार तपासलं गेलं. बाकी सगळी नीट निघाली. डेनिसनी बदललं ते एकच होतं.

चार महिन्यांनी पत्र आलं. डेनिसवर आजारपणामुळे खटला नाही, शुभदावर काही कारवाई नाही, मात्र पिस्तूल परत मिळणार नाही आणि नवं हवं असेल तर पहिल्यापासून अर्ज. सिटिझनशिपचं अजून काही कळलेलं नाही. उशीर याचमुळे होतोय की एरवीही झालाच असता, हे सांगायला कुणी नाही. सतीशने तो विषय काढणं सोडलंय. नवा अर्ज भरून टेबलावर पडलाय, सही राहिली आहे.

डेनिसच्या स्मृतिभ्रंशाच्या निदानाचा कागद आला तसं दर गुरुवारी त्यांना कॅरिगलाइन गावातल्या वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्रात न्यायचं ठरलं. मॉरीनला गाडी येत नाही, म्हणून शुभदा कामावर उशिरा जायची परवानगी घेऊन त्यांना सोडते. काही गुरुवारी ते तिच्याशी कारखान्यातल्या जुन्या यंत्रांबद्दल इतकं नेमकं बोलतात की तिला वाटतं, डॉक्टरांचंच काही चुकलंय. काही गुरुवारी ते रस्ताभर गप्प असतात. मागच्या वेळी सिग्नलला गाडी थांबली असताना त्यांनी शांतपणे विचारलं, "तू ते पिस्तूल त्यांना का दिलंस गं?"

बहात्तर सालचं विचारतायत की आत्ताचं, तिला कळलं नाही. "धोक्याचं होतं, डेनिस," ती म्हणाली.

"असं मीही म्हणालो होतो वडिलांना," डेनिस म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा कुठे तिने गाडी पुढे काढली.