आज हिचा सुडोकू पर्ज केला

मंडळी, शाळेतल्या कविता मी म्हणतो आणि रेकॉर्ड करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज सकाळी लॅपटॉप म्हणाला, जागा शिल्लक नाही. कामशेतहून पुण्याला मुलीला फोन लावला.

"बाबा, लिनक्स आहे, सोपंय. नको ते प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये कमांड लिहून रिमूव्ह करा. आईचा सुडोकू आता कोण खेळतंय?"

कुणीच नाही. हिला जाऊन वर्ष होत आलं. मी कविता म्हणायचो, ही शेजारी बसून आकडे भरायची. ओळ विसरलो की मान वर न करता पुढची सांगायची.

माझी नोकरी देहूरोडच्या लष्करी डेपोत झाली. तिथे माल बाद केला की मागे खूणही ठेवायची नाही. त्याच सवयीने रिमूव्हऐवजी पर्ज लिहिलं, म्हणजे सेटिंग्जही पुसल्या जातात. पुढे जाऊ का, असं लॅपटॉपने विचारलं. मी हो म्हणून वाय दाबलं. खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. जागाही फारशी झाली नाही, म्हणून मुलीला परत फोन लावून सांगितलं.

"पर्ज केलंत? अहो बाबा!" मुलगी म्हणाली, "तरी आईचा अर्धा डाव होम फोल्डरमध्ये असेल. पर्ज तिथे हात लावत नाही. परत इन्स्टॉल करून बघा."

केला. हिने अर्धवट भरलेला चौकोन जसाच्या तसा समोर आला. शेवटी घातलेला सात चुकलाय, त्याच ओळीत आधीच एक सात आहे.

दुपारपासून तो उघडाच आहे. रडूही येत नाही.

तुम्ही तो सात खोडला असता का?